प्रार्थना मध्येच दुसऱ्याकडे कशी जाते? बेने इस्रायलींचे हजान आणि एकाच कारणावर भागवणारी स्पष्टीकरणं

यावेळी शैवाल, नायट्रेट, नवेगाव बांधाचं पाणी असलं काही नाही. कोर्सवर्कमध्ये रिव्ह्यू ऑफ लिटरेचर शिकवतात तेव्हा एक गोष्ट हमखास राहून जाते. एखाद्या लेखकाने ‘हे असं होतं, कारण ते तसं’ असं लिहिलं, तर ते कारण खरंच त्याच गोष्टीचं आहे का, हे तपासायचं कसं? आपल्या स्वतःच्या विषयात हे करायला आपण बिचकतो, कारण गाईड आणि गाईडचे गाईड त्याच कारणावर उभे असतात. म्हणून मी मुद्दाम लांबचा विषय घेतलाय: ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना ती चालवणारा माणूस बदलतो, तो कुठे, कसा आणि का. प्रतापगडला बसून हा विषय घेणं म्हणजे जरा जास्तच लांब, हे मान्य. गोंदिया जिल्ह्याचं आमचं हे टोक आणि अलिबाग-रेवदंड्याचं ते टोक, मध्ये अख्खा महाराष्ट्र. पण त्या टोकाला शेकडो वर्षं मराठी बोलणारे ज्यू राहिलेत, बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. म्हणजे विषय मराठीतलाच आहे.

आधी थोडी ओळख, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्यू सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. त्यांच्यातला एक जण सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना चालवतो. त्याचं हिब्रू नाव ‘शलिअह त्सिबूर’, म्हणजे समाजाचा निरोप्या. तो पुजारी नसतो. दीक्षा घेतलेला असावा लागत नाही, रब्बी असावा लागत नाही. रोजच्या बोलण्यात त्याला हजान म्हणतात, आणि पगारी असो की बिनपगारी, तत्त्वतः त्याच्या जागी जाणता असा कुठलाही पुरुष उभा राहू शकतो. सकाळच्या प्रार्थनेचे तुकडे ढोबळमानाने असे: सुरुवातीचे आशीर्वाद, मग स्तोत्रांचा लांब भाग, मग शेमा आणि त्याच्या आजूबाजूचे आशीर्वाद, मग आमिदा नावाची उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना (आधी सगळे मनात म्हणतात, मग हजान मोठ्याने), ठरलेल्या दिवशी तोराचं वाचन, आणि शब्बाथ व सणांना मुसाफ नावाची जादा प्रार्थना.

आता या सगळ्यात माणूस कुठे बदलतो? युरोपातून आलेल्या अश्केनाझी परंपरेत एक ठरलेली जागा आहे. स्तोत्रांचा भाग एक जण चालवतो आणि त्याच्या शेवटी दुसरा येतो. साध्या दिवशी हा बदल ‘यिश्तबाख’ या समारोपाच्या आशीर्वादापाशी होतो. शब्बाथला त्याच्या थोडं आधी, ‘शोखेन आद’ या शब्दांपाशी. पेसाह, शावुओथ, सुक्कोथ या सणांना आणखी थोडं आधी, ‘हाएल’ या शब्दापाशी. आणि रोश हशाना व योम किप्पूरला ‘हामेलेख’ म्हणजे ‘राजा’ या शब्दापाशी. त्या दिवशी मुख्य हजान आपल्या जागेवर बसूनच तो शब्द उच्च स्वरात काढतो आणि मग चालत पुढे येतो.

असं का, असं विचारलं की तीन उत्तरं ठरलेली. एक, मुख्य हजानाचा आवाज पुढच्या भागासाठी राखून ठेवायचा असतो. दोन, जास्त लोकांना मान मिळावा. तीन, ज्याचे आईवडील नुकतेच गेलेत त्याला प्रार्थना चालवण्याची संधी मिळावी. तिन्ही उत्तरं खोटी नाहीत. माझा आक्षेप असा, की ती वेगळ्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

आवाज राखायचाय हेच कारण असतं, तर शब्बाथला एका ओळीवर, सणाला दोन ओळी आधी, रोश हशानाला तिसऱ्याच शब्दावर बदल करायची गरज काय होती? दोन-तीन ओळींनी कुणाचा घसा वाचतो? त्या बदलत्या जागेचं कारण दिवसाच्या विषयात आहे. रोश हशानाला ईश्वर राजा आहे हा मुख्य विचार, म्हणून ‘राजा’ या शब्दावर माणूस उठतो. आणि साध्या दिवशी ते लांब समारोपाचं पद म्हटलंच जात नाही, म्हणून तिथे बदलाची जागाही नाही. ती पुढे सरकून यिश्तबाखवर येते. मग यिश्तबाखच्या पुढे का सरकत नाही? कारण त्याच्या लगेच मागून अर्धा कद्दीश येतो, आणि तो आशीर्वाद ज्याने म्हटला त्यानेच तो कद्दीश म्हणावा असा संकेत. म्हणजे सांधा कुठे आहे हे मजकुराची रचना ठरवते. त्या पट्ट्यातला नेमका कुठला शब्द, हे दिवसाचा विषय ठरवतो. आणि कोण येणार हे आवाज, मान, सुतक अशा सामाजिक गोष्टी ठरवतात. एका घटनेत तीन प्रश्न आहेत आणि स्पष्टीकरण देणारे एकाचं उत्तर तिघांना लावून मोकळे होतात. आपल्या थिसिसच्या डिस्कशन चॅप्टरमध्ये हे किती वेळा होतं, ते आपापलं बघा.

सुतकाचं कारण त्यातल्या त्यात जास्त खरं आहे, पण तेही मर्यादित. अश्केनाझी रिवाजात आईवडील गेलेला मुलगा साधारण अकरा महिने साध्या दिवशी प्रार्थना चालवतो. एकाच सिनेगॉगमध्ये असे दोघे असले तर? मग एक जण आमिदापर्यंत चालवतो आणि शेवटाकडच्या ‘अश्रे’ या स्तोत्रापासून दुसरा घेतो. हा बदल मात्र सरळसरळ सामाजिक कारणाने जन्मलेला आहे. पण इथेही बघा, तो कुठेही झालेला नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या फटीतच तो बसवलाय.

मिश्ना हा ज्यू कायद्याचा संग्रह इसवी सन २०० च्या आसपास यहूदा हनासी यांनी सिद्ध केला. त्यात या विषयावर दोन जागा आहेत, आणि संशोधन शिकणाऱ्याने दोन्ही वाचाव्यात, कारण दोन्हींचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे.

पहिली बेराखोथ ग्रंथात, पाचव्या अध्यायात. प्रार्थना चालवणारा चुकला, तर दुसऱ्याने त्याच्या जागी जावं, आणि त्या वेळी आढेवेढे घेऊ नयेत. त्याने सुरुवात कुठून करायची? पहिला ज्या आशीर्वादात चुकला, त्या आशीर्वादाच्या आरंभापासून. आढेवेढ्यांची गंमत अशी, की एरवी ते घेणं अपेक्षित आहे! तालमूद सांगतो की कुणी बोलावलं तर पहिल्यांदा नाही म्हणावं, दुसऱ्यांदा घुटमळावं, तिसऱ्यांदा उठावं. आपल्याकडे ‘नाही हो, तुम्हीच म्हणा’ चालतं तसंच. पण प्रार्थना अर्ध्यावर अडकलेली असताना हा शिष्टाचार बाजूला ठेवायचा. आणि पुन्हा सुरुवात कुठून, याचा नियम वाचून मला आमच्या विभागातलं सिम्युलेशन आठवलं. रात्री लाईट गेली तर रन शून्यापासून सुरू होत नाही, आणि जिथे अडकलं त्या ओळीपासूनही नाही. शेवटच्या चेकपॉइंटपासून होतं. आशीर्वाद हा इथला चेकपॉइंट. तालमूदाने पुढे त्यात आणखी बारकावा आणला: आमिदाचे पहिले तीन आशीर्वाद मिळून एक गठ्ठा, शेवटचे तीन मिळून एक गठ्ठा. गठ्ठ्यात कुठेही चूक झाली तर त्या गठ्ठ्याच्या सुरुवातीला जायचं. यावरून कळतं की ही प्रार्थना घडवणाऱ्यांच्या डोक्यात सलग मजकूर नव्हता, जोडलेले घटक होते. हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही, बिघाडाच्या नियमातून दिसतं. यंत्र कसं बनलंय हे ते बंद पडल्यावर कळतं, तसं.

दुसरी जागा रोश हशाना या ग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या शेवटाकडे. तिथे म्हटलंय की रोश हशानाच्या दिवशी प्रार्थना चालवणाऱ्यांपैकी दुसरा जो आहे त्याने शोफार वाजवून घ्यावा, आणि हल्लेल म्हणायचा दिवस असेल तेव्हा पहिल्याने हल्लेल म्हणवून घ्यावा. बस्स, इतकंच. दुसरा म्हणजे मुसाफ चालवणारा, पहिला म्हणजे सकाळची प्रार्थना चालवणारा.

मला ही ओळ या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा वाटते, आणि तिचं बळ तिच्या बेफिकिरीत आहे. नियम शोफारचा आहे. माणूस बदलण्याबद्दल तो काही सांगतच नाही. ‘दुसरा’ म्हटलं की वाचणाऱ्याला कळेल असं गृहीत धरलंय. म्हणजे त्या काळी सकाळची प्रार्थना एकाने आणि मुसाफ दुसऱ्याने चालवणं इतकं रुळलेलं होतं की समजावून सांगायची गरज नव्हती. जाता जाता पडलेला पुरावा हा मुद्दाम दिलेल्या पुराव्यापेक्षा पुष्कळदा जास्त विश्वासाचा असतो, कारण तो देणाऱ्याला तिथे काही सिद्ध करायचं नसतं.

उलट बाजूही बघा. शोफार सकाळच्या प्रार्थनेत का नाही, मुसाफमध्येच का, असा प्रश्न नंतरच्या लोकांना पडला. चांगलं काम जितक्या लवकर कराल तितकं बरं, मग इतका उशीर का? तालमूद उत्तर देतो की एका काळात राजसत्तेचा जाच होता, म्हणून ते पुढे ढकललं. असेलही. पण हे उत्तर पद्धत रुळल्यावर पुढच्या पिढ्यांनी दिलेलं आहे. मिश्नाची ओळ आणि तिचं स्पष्टीकरण एकाच वजनाने उद्धृत करणारे लेख भरपूर सापडतात. ते वाचताना पेन्सिल हातात असू द्या.

अजून एक शब्दाचा सापळा. मिश्नात प्रार्थना चालवणं याला ‘तेवापुढे जाणं’ म्हणतात. तिथे तेवा म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवायची पेटी. सेफार्दी आणि पूर्वेकडच्या ज्यूंमध्ये तेवा म्हणजे सिनेगॉगच्या मध्यभागी असलेला कठडेवाला चौथरा, आणि पेटीला किंवा कपाटाला हेखाल म्हणतात. शब्द तोच, वस्तू वेगळी. हजान या शब्दाचंही तसंच. मिश्नातला हजान हा सिनेगॉगचा व्यवस्था बघणारा सेवक, तोराची गुंडाळी आणून देणारा. प्रार्थना गाणारा हा अर्थ पुढच्या काही शतकांत पक्का झाला. इस्मार एल्बोगेन यांच्या १९१३ च्या जर्मन ग्रंथात हा प्रवास दिलाय, इंग्रजी भाषांतर १९९३ चं. पण एल्बोगेन मजकुराचे इतिहासकार. लॉरेन्स हॉफमन यांनी १९८७ मध्ये ‘बियाँड द टेक्स्ट’ मध्ये नेमकी हीच तक्रार केली, की प्रार्थनेचा अभ्यास म्हणजे पुस्तकांचा अभ्यास झालाय, प्रार्थना करणारी माणसं त्यात नाहीत. दोघांना एकत्र वाचा, एकट्याला नको.

आता कोकणात येऊ. इथे अश्केनाझी हँडबुकं उघडून बसलो तर दिशाच चुकते, आणि लोकांचं तेच होतं, कारण इंटरनेटवर आणि ग्रंथालयात तीच सहज मिळतात. बेने इस्रायलींची प्रार्थना सेफार्दी पद्धतीची, चाली आणि वळणं बरीचशी कोचीनच्या ज्यूंकडून आलेली. त्यांच्या सिनेगॉगमध्ये तेवा मध्यभागी. याचा परिणाम बघा. अश्केनाझी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा समोर, पेटीकडे तोंड करून असतो. नवा माणूस सगळ्यांच्या देखत चालत पुढे जातो, बदल हा एक देखावाच होतो. मध्यभागच्या तेवावर मात्र एका वेळी तीन-चार माणसं उभी असतात. कोण कुणाकडून घेतंय हे अर्ध्या पावलाच्या हालचालीत उरकतं. शिवाय अनेक सेफार्दी आणि पूर्वेकडच्या सिनेगॉगमध्ये स्तोत्रांचे तुकडे बसलेल्यांपैकी एकेक जण आपल्या जागेवरून मोठ्याने म्हणतो. तिथे ‘माणूस बदलला’ की ‘एकच माणूस चालवतोय आणि बाकीचे मध्ये मध्ये म्हणतायत’, हे ठरवणंच कठीण. आपण मोजतोय ते नेमकं काय, याची व्याख्या आधी करावी लागते, ती ही अशी.

बेने इस्रायलींबद्दल सगळे जण ज्या पुस्तकापासून सुरुवात करतात ते हाइम सॅम्युएल केहिमकर यांचं, बेने इस्रायलींचा इतिहास. केहिमकर स्वतः बेने इस्रायल, मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा काढणारे. पुस्तक इंग्रजीत, लिहून झालं १८९७ मध्ये, छापलं गेलं १९३७ मध्ये तेल अवीवला. या चाळीस वर्षांकडे लक्ष द्या. ‘केहिमकर, १९३७’ असा संदर्भ देऊन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली स्थिती सांगणारे लेखन म्हणजे घड्याळ चाळीस वर्षं मागे असताना गाडी पकडण्यासारखं. संदर्भसूचीत छपाईचं वर्ष जाईल, पण निरीक्षण १९व्या शतकाचं आहे.

पुस्तकाचं मोल मी कमी करत नाही. सण, घरातले विधी, मलिदा, लग्न, समाजाची पदं, हे सगळं त्यात आहे. पदांची नावं वाचूनच मजा येते. मुकादम, चौगुला, गबाई, हजान, शामाश. पहिले दोन शब्द थेट आपल्या गावगाड्यातले आणि पुढचे तीन हिब्रू परंपरेतले, एकाच कार्यकारिणीत. त्याआधीची रचना तर आणखी वेगळी. समाजाच्या आठवणीनुसार दाविद राहबी नावाच्या गुरूने तीन जणांना शिकवून तयार केलं. झिराड, राजपूर आणि शहापूर या गावांवरून ओळखली जाणारी ती घराणी, त्यांना काजी म्हणत. काजी गावोगाव फिरून विधी करायचे, तंटे सोडवायचे, आणि पद वंशपरंपरेने चालायचं. तेव्हा सिनेगॉग नव्हतं. पहिलं मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं, शार हारहमीम. त्यानंतर १९व्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी कोकणात सिनेगॉग उभी राहिली, पुण्यात १८६७ मध्ये ओहेल दाविद. फिरता काजी गेला आणि एका इमारतीशी बांधलेला हजान आला.

केहिमकरांवर माझी टीका इथे आहे. त्यांचा भर पदांवर आणि सणांवर आहे, म्हणजे ‘कोण’ वर. प्रार्थनेच्या आत एका तोंडातून दुसऱ्या तोंडात मजकूर कसा जातो, हा ‘कुठे आणि कसा’ त्यांचा प्रश्नच नव्हता. का नव्हता, हे समजायला त्यांचा काळ बघावा लागतो. मुंबईतले श्रीमंत बगदादी ज्यू बेने इस्रायलींच्या ज्यूपणावर शंका घेत होते. अशा वेळी समाजातला शिकलेला माणूस लिहायला बसतो तेव्हा तो आम्ही पूर्ण ज्यू आहोत हे दाखवायला बसतो. आमच्यात काय वेगळं आहे यापेक्षा आमच्यात सगळं आहे, याकडे पेन वळतं. हा दोष नाही, हेतू आहे. पण हेतू ओळखून न घेता पुस्तकाला कॅमेरा समजलं तर दोष आपला. शिफ्रा स्ट्रिझोवर यांचं १९७१ चं मुंबईच्या बेने इस्रायलींवरचं पुस्तक समाजशास्त्राचं. त्यात गोरे आणि काळे इस्रायल ही जातीसारखी विभागणी महत्त्वाची आहे. पुन्हा ‘कोण’.

आणि हा ‘कोण’ किती धारदार होऊ शकतो बघा. प्रार्थना चालवायला मिळणं, तोरा वाचनाला बोलावणं येणं, आणि मुळात दहांत मोजलं जाणं, या तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या. बगदादी सिनेगॉगांत बेने इस्रायलींना मिन्यानमध्ये न मोजणं, तोराला न बोलावणं हे प्रकार झाले. रंगूनमध्ये मुसमेआ येशुआ सिनेगॉगमधल्या हक्कांचा वाद कोर्टात गेला आणि १९३५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने बेने इस्रायलींच्या बाजूने निकाल दिला. विषय होता सदस्यत्व, मत आणि विश्वस्तपद, पण मुळाशी प्रश्न हाच, की तुम्ही आमच्यातले की नाही. ज्याला दहांत धरत नाहीत त्याच्याकडे ‘यिश्तबाखपासून तू घे’ असं कोण म्हणणार? म्हणून प्रार्थनाप्रमुख बदलण्याच्या रिवाजाला निव्वळ तांत्रिक बाब मानणारे लेख मला अपुरे वाटतात. आणि पुढे काय झालं? बगदादी कुटुंबं मुंबईतून बहुतेक निघून गेली, आणि भायखळ्याच्या मागेन दाविदसारख्या त्यांच्या सिनेगॉगमधली प्रार्थना बेने इस्रायलींच्या आधारावर चालू राहिली. ही उलटापालट कुठल्याही विधिग्रंथात सापडायची नाही.

दुसरी गोष्ट. हँडबुकांचं गृहीतक असतं की बदलायला दोन जाणकार आहेत. १९व्या शतकाच्या सुरुवातीला कोकणात आणि मुंबईत तसं नव्हतं. बेने इस्रायलींकडे शेमा, सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम टिकून होते, हिब्रू वाचता येणारे मात्र फार थोडे. म्हणून कोचीनहून शिक्षक आले. त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी हजान म्हणून राहिले, वर्षाला शंभर रुपयांवर, आणि पोटासाठी पुस्तकबांधणीही करत. १८५६ मध्ये ते वारले. असा एकच माणूस वाचणार, शिकवणार, अडचणी सोडवणार. तिथे ‘मुसाफसाठी दुसरा’ कुठून आणायचा? माझा अंदाज असा, आणि अंदाजच म्हणते, की अशा ठिकाणी माणूस बदलण्याची प्रथा जितकी वाढली तितकी शिकलेल्यांची संख्या वाढली असणार. म्हणजे प्रार्थनाप्रमुख किती वेळा बदलतो हे त्या समाजातल्या हिब्रू साक्षरतेचं एक मोजमाप होऊ शकतं. हे तपासता येण्यासारखं आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी १९व्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. प्रार्थनापुस्तकांत ‘इथे हजानाने म्हणावे’, ‘इथे सर्वांनी’ अशी सूचनावाक्यं असतात. भाषांतरकार ती कशी उतरवतो, कुठे वाढवतो, कुठे गाळतो, हे आवृत्तीगणिक लावून बघितलं तर निदान अपेक्षा काय होती ते कळेल. कुणाला एम.ए.च्या डेझर्टेशनला विषय हवा असेल तर घ्या.

इथे एक उपमा माझ्या डोक्यात सारखी येते, आणि तीच तपासून टाकते. आमच्याकडे गावात हरिनाम सप्ताह असतो, त्यात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहाऱ्याप्रमाणे एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत रात्रभर भजनं चालतात, तिथेही म्होरक्या बदलतो, पण अभंगाच्या मधे कधी नाही. गजर झाला की मगच. वाटतं, हे सिनेगॉगसारखंच. भजनाचं थोडंफार जुळतं, कारण तिथेही सांधा मजकुरात आहे. वीणेचं जुळत नाही. वीणा घड्याळावर बदलते, नामस्मरण कुठेही असो. सातत्य वाद्यात आहे. सिनेगॉगमध्ये हातात देण्याघेण्यासारखं काही नसतं, सातत्य शब्दक्रमात असतं, म्हणूनच ‘कुठून सुरू करायचं’ हा नियम लागतो. वीणेला तो लागत नाही. उपमा समजावायला ठीक, पुरावा म्हणून नाही. (बेने इस्रायलींनी १८८० च्या सुमारास स्वतः कीर्तनं सुरू केली होती, बायबलमधल्या कथांवर, मराठीत. तिथे पूर्वरंग-उत्तररंग आणि कीर्तनकार एकच. तो वेगळा लेख.)

आता फील्डवर्क. लेखी साधनं इतकी ‘कोण’ वर अडलेली असतील तर जाऊन बघणं आलं, आणि घाई आहे. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. कोकणातल्या बऱ्याच ठिकाणी सणावाराखेरीज दहा पुरुष जमणं अवघड असतं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्याने तेवावर उभा राहणारा दुसरा माणूस तयार होत नाही.

अडचण अशी, की माणसं जमतात ती शब्बाथला आणि सणाला, आणि नेमकं तेव्हाच सनातनी सिनेगॉगमध्ये लिहायला, फोन वापरायला, रेकॉर्डिंगला मनाई. साध्या दिवशी लिहिता येईल, सोमवारी-गुरुवारी तर तोरा वाचनही असतं, पण तेव्हा मिन्यानच नसतो. म्हणजे आपल्याला डोक्यात नोंद घ्यावी लागणार. आधी प्रार्थनेचा क्रम पाठ करा. सगळं लक्षात ठेवायचा अट्टाहास नको. पाच-सहा सांधे निवडा आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी: माणूस बदलला का, खूण कुणी केली, नव्याने कुठल्या शब्दापासून घेतलं. शनिवारी तारे दिसल्यावर बाहेर येऊन लगेच लिहा. शक्यतो दोघांनी जा आणि एकमेकांशी न बोलता लिहा, मग जुळवा. दोन निरीक्षकांमधली सहमती मोजायला कोहेनचा कप्पा आपण लॅबमध्ये वापरतोच, इथेही चालेल. आणि दोघांत एक मुलगी, एक मुलगा असेल तर बसायच्या जागा वेगळ्या येतील. मला गॅलरीत किंवा बाजूला बसावं लागेल, तिथून तेवावरची हालचाल दिसेल पण पुटपुटणं ऐकू येणार नाही. खाली बसलेल्याला ऐकू येईल, पण समोरच्याची पाठ दिसेल. दोघांच्या नोंदींत पडणारा फरक हीसुद्धा माहितीच.

आधी परवानगी काढायची हे सांगायला नको. आणि मुलाखतीत ‘तुमच्याकडे प्रार्थनाप्रमुख केव्हा बदलतात?’ असं विचारू नका. उत्तर पुस्तकातलं येईल, तेच आवाज, मान, सुतक. ‘गेल्या योम किप्पूरला शेवटची प्रार्थना कुणी घेतली, आणि त्याला उठायला कुणी सांगितलं?’ असं विचारा. त्या दिवशी संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाच प्रार्थना, सगळा उपास, एका माणसाचं काम नाही. तिथे नावं येतील, कोण आजारी होता, कोण लोदहून सुट्टीवर आला होता, कुणी तीनदा नाही म्हटलं, हे सगळं येईल. ते आल्यावर वही बंद करून आधी चहा घ्या, कारण पुढचा तास तेच बोलणार आहेत.